घरच्या धावा अर्ध्या मोजायच्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वडील दिलीप वेंगसरकरांचे भक्त. तुमच्या मुलाचं म्हणणं, १७ कसोटी शतकांपैकी १३ घरी काढणारा फलंदाज ‘घरचा वाघ’. महान कोण हे ठरवायचं तर परदेशातली सरासरी बघावी आणि घरच्या धावा अर्ध्याच मोजाव्यात. जेवायला बसलं की हा वाद सुरू होतो आणि तुम्हाला त्याचा निकाल हवा आहे.

माझं उत्तर: अर्ध्या मोजू नका. पण मुलाला गप्पही बसवू नका, कारण तो ज्या गोष्टीवर बोट ठेवतोय ती खरी आहे. मी तीसेक वर्षं मुंबईच्या मैदानांवर स्कोअरिंग केलं, मधली काही वर्षं पोरांना शिकवलं, आणि कसोटी सामन्यांच्या आकड्यांच्या वह्या अजूनही भरतो. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी मुलाची बाजू. फलंदाजी म्हणजे बऱ्याच अंशी सवय. चेंडू हातातून सुटल्यावर विचार करायला वेळच नसतो, शरीर लहानपणी शिकलेलं तेच करतं. आपल्याकडे चेंडू फार उसळत नाही, म्हणून पुढचा पाय आपोआप पुढे जातो आणि हात चेंडूच्या मागे जातात. हीच सवय पर्थला किंवा लीड्सला जिवावर उठते. इंग्लंडमध्ये ड्यूक्स चेंडू असतो. त्याची हाताने घातलेली शिवण वर उठलेली राहते, आणि ढगाळ हवेत तो तीस-चाळीस षटकं जुना झाला तरी वळत राहतो. ऑस्ट्रेलियात कुकाबुराची शिवण लवकर बसते, पण त्याच लांबीवरून चेंडू बरगडीपर्यंत येतो. घरी जो फटका चौकार मिळवून देतो, तोच तिथे स्लिपमध्ये झेल होतो. म्हणजे परदेशात धावा करायच्या तर अंगवळणी पडलेलं मोडून नवं बसवावं लागतं, तेही मालिका चालू असताना. हे ज्याला जमलं त्याला जास्त मान द्यावा, यात वाद नाही.

मुंबईच्या फलंदाजांना याचा थोडा सराव घरीच व्हायचा. कांगा लीग भर पावसाळ्यात होते. ओल्या खेळपट्टीवर, वाढलेल्या गवतात, चेंडू कधी थांबून येतो तर कधी अचानक उडतो. तिथे उशिरा खेळायला आणि ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडायला शिकला नाहीत तर दोन षटकांत तंबूत. पोरांना मी फटक्यांच्या आधी सोडणं शिकवायचो ते त्यामुळेच.

आता मुलाचं कुठे चुकतं ते. ‘परदेश’ नावाचा देश नाही. राहुल द्रविडची घरची सरासरी ५१.३५ आणि दुसऱ्या देशांत जाऊन खेळताना ५३.६१. हे वाचून वाटतं की हा माणूस कुठेही सारखाच. त्या ५३.६१ च्या पोटात शिरा. इंग्लंडमध्ये १३ कसोटींत ६८.८० आणि दक्षिण आफ्रिकेत ११ कसोटींत २९.७१. इंग्लंडमधल्या हलणाऱ्या चेंडूला त्याच्याइतकं उत्तर आपल्याकडे फार थोड्यांनी दिलं. २०११ मध्ये आपण ०-४ हरलो, पण त्यात त्याच्या ४६१ धावा आणि तीन शतकं होती. दक्षिण आफ्रिकेत मात्र उंच उसळणाऱ्या चेंडूने त्याला सुखाने उभं राहू दिलं नाही. एका आकड्यात ही दोन्ही सत्यं झाकली जातात. मी द्रविडला महानच म्हणतो, पण ५३.६१ हा त्याचा पुरावा नाही. पुरावा आहे तो हेडिंग्ले, ट्रेंट ब्रिज, ओव्हलचा.

सचिनचंही तसंच. घरी ५२.६७, बाहेर ५४.७४. पण बाहेरच्या धावांत बांगलादेशात काढलेल्या ८२० आहेत, १३६.६६ च्या सरासरीने. त्या वगळल्या तर बाहेरची सरासरी साडेएकावन्नवर येते, घरच्यापेक्षा जराशी कमी. ऑस्ट्रेलियात ५३.२०, इंग्लंडमध्ये ५४.३१, दक्षिण आफ्रिकेत ४६.४४. असा देशवार तक्ता मांडला की सचिन आणखी मोठा दिसतो, कारण त्यात कुठेच खड्डा नाही. म्हणून मुलाला सांगा, सरासरी काढायची तर एकेका देशाची काढ.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: समोर गोलंदाज कोण होता? त्यासाठी १९८३ चं साल घ्या.

मोहिंदर अमरनाथ हे तुमच्या मुलाच्या नियमाने भारताच्या सर्वात मोठ्या फलंदाजांत बसतील. घरची सरासरी ३०.४४, बाहेरची ५१.८६, आणि ११ शतकांपैकी ९ बाहेर. १९८२-८३ च्या मोसमात त्यांनी पाकिस्तानात ५८४ आणि लगेच वेस्ट इंडीजमध्ये ५९८ धावा केल्या. ब्रिजटाऊनला तोंडावर चेंडू लागला, टाके पडले, आणि परत येऊन त्यांनी ८० केल्या. परदेशातल्या धैर्याची याहून मोठी कहाणी मला ठाऊक नाही. काही महिन्यांनी तोच वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. मार्शलने ३३ बळी घेतले, होल्डिंगने ३०. अमरनाथांच्या त्या मालिकेतल्या सहा डावांतल्या धावा: ०, ०, १, ०, ०, ०. खेळपट्ट्या घरच्या, प्रेक्षक घरचे, जेवण घरचं. अहमदाबादला भारताचा डाव १०३ वर संपला, कोलकात्याला ९० वर.

त्याच मालिकेत वेंगसरकरांनी दिल्लीत १५९ आणि मुंबईत १०० केल्या. गावसकरांनी दिल्लीत १२१ आणि मद्रासला नाबाद २३६. या धावा अर्ध्या मोजायच्या? कोणत्या हिशेबाने? त्या हिवाळ्यात मार्शल आणि होल्डिंग ज्या खेळपट्टीवर धावत येत होते ती दिल्लीची आहे की बार्बाडोसची, याने फलंदाजाच्या बरगड्यांना फारसा फरक पडत नव्हता. घरचं म्हणजे सोपं, हे समीकरण इथेच मोडतं. अमरनाथ यामुळे लहान ठरत नाहीत. नुसत्या घर-बाहेर या दोन रकान्यांनी माणूस कळत नाही, एवढंच मला यातून दिसतं.

मग मोजायचं कसं? मी वहीत एक साधा रकाना ठेवतो, तुम्हीही ठेवू शकता. सामन्यातल्या चारही डावांच्या धावा मिळवायच्या आणि पडलेल्या एकूण गड्यांनी भागायचं. त्या सामन्यात एका गड्याची किंमत किती धावा होती ते कळतं. मग फलंदाजाच्या डावाला त्या किमतीने भागायचं. खेळपट्टी, हवा, गोलंदाजी, चेंडू, सगळं त्या एका किमतीत आपोआप येतं, कारण बाकीच्यांनाही त्याच मैदानावर खेळायचं होतं.

फेब्रुवारी २०१७, पुण्याजवळचं गहुंजे. पहिल्या दिवसापासून हातभर वळणारा आखाडा, ज्याला आयसीसीने ‘खराब’ शेरा दिला. ऑस्ट्रेलिया २६० आणि २८५, भारत १०५ आणि १०७. ४० गड्यांत ७५७ धावा, म्हणजे गड्याला १८.९. स्टीव्ह स्मिथच्या १०९ ला भागलं की ५.८ येतात.

आता ऑगस्ट १९९७, कोलंबो. श्रीलंका ६ बाद ९५२, भारत ८ बाद ५३७. १४ गड्यांत १४८९, गड्याला १०६. सनथ जयसूर्याच्या ३४० चे होतात ३.२. स्मिथच्या १०९ धावा या मापाने जयसूर्याच्या त्रिशतकाच्या जवळजवळ पावणेदोन पट जड भरतात. तो सामना रेडिओवर ऐकताना मला ३४० हा पर्वत वाटला होता. भागाकार केल्यावर कळलं की त्या दिवशी सगळी जमीनच उंच होती.

स्मिथ पाहुणा होता आणि जयसूर्या घरचा, म्हणजे मुलगा जिंकला असं वाटेल. थांबा. मार्च १९८७, बेंगळुरू, पाकिस्तानविरुद्ध, गावसकरांची शेवटची कसोटी. पाकिस्तान ११६ आणि २४९, भारत १४५ आणि २०४. गड्याला १७.८५. चौथ्या डावात इक्बाल कासिम आणि तौसीफ अहमद यांचा चेंडू वाटेल तिकडे वळत आणि उडत असताना गावसकरांनी ९६ केल्या आणि भारत १६ धावांनी हरला. त्या ९६ चे होतात ५.४. घरचं मैदान, शतकही नाही, तरी तो डाव गहुंजेच्या १०९ च्या शेजारी जाऊन बसतो. मी माझ्या पोरांना फिरकी कशी खेळावी हे सांगताना हाच डाव सांगत आलो.

आणि आता तुमच्या वडिलांसाठी. जून १९८६, हेडिंग्ले. भारत २७२, इंग्लंड १०२, भारत २३७, इंग्लंड १२८. गड्याला १८.५. वेंगसरकर पहिल्या डावात ६१, दुसऱ्या डावात नाबाद १०२. इंग्लंडच्या अकरा जणांनी मिळून पहिल्या डावात जेवढ्या केल्या तेवढ्या त्यांनी एकट्याने केल्या, तेही बाद न होता. माप ५.५ येतं, आणि नाबाद असल्यामुळे ते खरं तर कमीच आहे. तुमचा मुलगा ज्याला घरचा वाघ म्हणतो त्या माणसाचा हा डाव आहे.

या मापातली एक खोट मी लपवणार नाही. आपल्याच संघाचे गोलंदाज भेदक असले की समोरचा संघ स्वस्तात जातो, गड्याची किंमत उतरते आणि आपला फलंदाज फुकट मोठा दिसतो. गहुंजेत ऑस्ट्रेलियाच्याच ओ’कीफने बारा बळी घेतले, त्याचा फायदा स्मिथच्या आकड्याला मिळाला. म्हणून मी दुसरा भागाकारही करतो, फक्त स्वतःच्या संघाच्या दोन डावांवर. मग स्मिथ ४.० वर येतो, वेंगसरकरही ४.० वर, आणि गावसकर ५.५ वर चढतात. या दुसऱ्या मापात फलंदाजाच्या स्वतःच्या धावांचा वाटा वाढतो, त्यामुळे मोठ्या डावावर थोडा अन्याय होतो. जीवदानं कुठल्याच रकान्यात येत नाहीत. गहुंजेत स्मिथचे झेल सुटले होते. तरी दोन्ही मापं शेजारी ठेवली की चित्र बरंच खरं येतं, निदान ‘घर’ आणि ‘बाहेर’ या दोन पेट्यांपेक्षा खरं.

पंचांचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण जुन्या खेळाडूंबद्दल बोलताना तो येणारच. त्रयस्थ पंच येण्याआधी दोन्ही पंच यजमान देशाचे असत. जावेद मियाँदादची घरची सरासरी ६१.३८ आणि बाहेरची ४५.८०. यावरून लोक पायचीतच्या गोष्टी सांगतात. सरासरीतून पंचांचा पक्षपात सिद्ध होत नाही. तो फरक खेळपट्टीचा, सवयीचा, काही पंचांचा असू शकतो, आणि त्या काळात हा संशय फक्त पाकिस्तानवर नव्हता, सगळ्याच देशांवर होता. १९८६ मध्ये पाकिस्ताननेच वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी या दोन भारतीय पंचांना उभं केलं, हेही लक्षात ठेवावं. मी १९९२ च्या आधीची घरची सरासरी वाचताना जरा सावध असतो, इतकंच.

फलंदाजाचा क्रमांकही बघा. अजिंक्य रहाणेची १२ कसोटी शतकं, त्यातली ८ बाहेर आणि ४ घरी. त्याच्याबद्दल उलटी तक्रार असते, की हा घरी का खेळत नाही. पाचव्या क्रमांकावर येणाऱ्याला भारतात दोनच प्रकारचे दिवस मिळतात. एकतर वरच्यांनी धावांचा ढीग घातलेला असतो आणि डाव घोषित करण्याआधी भराभर मारायचं असतं, नाहीतर जुना चेंडू वळत असताना पहिल्या चेंडूपासून फिरकी खेळायची असते. डोंबिवलीच्या या पोराने डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला ११२ केल्या. आदल्या कसोटीत ३६ वर डाव संपलेला संघ, कोहली घरी परतलेला, कर्णधारपद अंगावर. सामन्याच्या मापाने तो डाव ४.५ भरतो. ३८.४६ ही कारकिर्दीची सरासरी त्याला महानांच्या पंक्तीत बसवत नाही, हे मीही मान्य करतो. पण तो डाव ज्याने पाहिला त्याच्या मनातून तो जाणार नाही.

एकच गोष्ट पाहायची असेल तर मी दुसरा दौरा बघतो. पहिल्या दौऱ्यात अपयश येणं स्वाभाविक आहे. गोलंदाजांना तुमची खोट सापडते, ती सगळ्या जगाला दिसते. मग चार वर्षांनी तुम्ही तिथेच परत जाता. कोहलीने २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये दहा डावांत १३४ धावा केल्या. अँडरसनने त्याला चार वेळा बाद केलं, जवळजवळ सारख्याच चेंडूंवर. २०१८ मध्ये तो क्रीझबाहेर उभा राहायला लागला, स्विंग पूर्ण व्हायच्या आधी चेंडूला गाठायला लागला, आणि शरीरापासून लांबचे चेंडू त्याने निमूटपणे सोडले. ५९३ धावा झाल्या, अँडरसनला तो एकदाही मिळाला नाही. एजबॅस्टनला भारताच्या २७४ मध्ये त्याच्या १४९ होत्या, पुढची सर्वोच्च धावसंख्या २६. २१ वर झेल सुटला होता हे खरं, पण सामन्याच्या मापाने हा डाव ६.६ आणि स्वतःच्या संघाच्या मापाने ६.८ येतो. वर सांगितलेल्या सगळ्या डावांत सर्वात जड. चार वर्षं एक माणूस आपली एक खोट घेऊन जगला आणि तिच्यावर काम करत राहिला, हे मला त्या मालिकेत दिसतं.

रिकी पाँटिंग याच्या दुसऱ्या टोकाला. २००१ मध्ये भारतात पाच डावांत १७ धावा, पाचही वेळा हरभजन. तो परत परत आला, २००८ मध्ये बेंगळुरूला १२३ केल्या, आणि तरीही भारतातली त्याची सरासरी १४ कसोटींनंतर २६.४८ वरच थांबली. मी पाँटिंगला महान म्हणतो, पण गावसकर-सचिनच्या एक पायरी खाली ठेवतो, ते या भगदाडामुळे. ब्रायन लाराला भारतात शतक नाही म्हणून लोक त्याला धोपटतात. तो इथे फक्त तीन कसोटी खेळला, तेही १९९४ मध्ये. श्रीलंकेत २००१ मध्ये मुरलीधरनसमोर त्याने तीन कसोटींत ६८८ धावा केल्या. फिरकी खेळता येत नाही असं त्याच्याबद्दल कोण म्हणेल? तीन कसोटींवरून निकाल देऊ नये, आठ-दहा तरी हव्यात.

त्याच कारणाने जुन्यांना मोजताना हात आखडता घ्यावा. विजय मर्चंटांना जेमतेम दहा कसोटी मिळाल्या, सगळ्या इंग्लंडविरुद्ध. सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला लिंडवॉल आणि मिलरसमोर एकाच सामन्यात ११६ आणि १४५ केल्या. दुसऱ्या डावात भारताच्या २७७ पैकी १४५ त्यांच्या. त्या सामन्यात भारत डावाने हरला. हजाऱ्यांची सरासरी ४७.६५ आहे, आणि ती बघून कोणी त्यांना दुय्यम फलंदाजांत टाकत असेल तर त्याने अ‍ॅडलेडचा स्कोअरकार्ड उघडावा.

राहता राहिले वेंगसरकर. मुलाचा आकडा बरोबर आहे. १३ शतकं घरी, बाहेर फक्त चार, आणि चारही इंग्लंडमध्ये. घरी सरासरी पन्नाशीच्या वर, बाहेर तिशीत. ऑस्ट्रेलियात, पाकिस्तानात, वेस्ट इंडीजमध्ये एकही शतक नाही. अँटिग्वात १९८३ मध्ये ९४ पर्यंत गेले होते, तेवढंच. हे वडिलांना मान्य करावं लागेल. गावसकर, सचिन, द्रविड यांच्या पंक्तीत मीही त्यांना बसवत नाही.

पण मुलालाही दोन गोष्टी मान्य कराव्या लागतील. त्या १३ पैकी सहा शतकं वेस्ट इंडीजविरुद्ध आहेत. १९७८-७९ चा त्यांचा संघ, मोठे खेळाडू पॅकरच्या खासगी क्रिकेटमध्ये गेल्यामुळे, कमकुवत होता, म्हणून त्या वेळची दोन बाजूला ठेवा. उरलेली चार पूर्ण मोजा, १९८३ ची दोन तर मी जास्तच मोजतो. दुसरी गोष्ट लॉर्ड्सची. १९७९ मध्ये पहिल्या डावात ९६ वर सर्व बाद झाल्यानंतर विश्वनाथांसोबत उभं राहून १०३, १९८२ मध्ये १५७, १९८६ मध्ये नाबाद १२६ आणि भारताचा तिथला पहिला विजय. तीन दौरे, तीन शतकं. दुसऱ्या दौऱ्याची कसोटी मी वर सांगितली, ती या माणसाने त्या एका मैदानावर तिसऱ्यांदाही दिली. मुलाला म्हणावं, १९८६ च्या हेडिंग्लेचा स्कोअरकार्ड काढ, वहीत भागाकार स्वतः कर, आणि मग आजोबांसमोर ठेव.